पंचांचे बोलणे ऐकू यावे का? रग्बीकडून फुटबॉलने घ्यावे असे काही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रग्बीचा सामना टीव्हीवर पाहताना पंच खेळाडूंशी, सहायकांशी आणि पडद्यासमोर बसलेल्या पंचांशी काय बोलतात हे सगळे ऐकू येते, त्यामुळे निर्णय पटला नाही तरी तो का दिला हे कळते. फुटबॉलमध्ये मात्र पंच कानाला बोट लावून दोन मिनिटे उभे राहतात आणि भरलेल्या स्टेडियमला काय चालले आहे याचा पत्ता नसतो. मग फुटबॉलच्या पंचांनाही माइक का लावत नाहीत, तो लावला तर पंचांना होणारी शिवीगाळ थांबेल का, आणि सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या स्पर्धेसाठी बिनतारी संच घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. रेफरीची परीक्षा होऊन तुमचे दोनच सामने झाले आहेत आणि दुसऱ्या सामन्यात पेनल्टीवरून प्रेक्षक रेषेच्या आत आले, हेही तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ त्या पेनल्टीत आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मी सांगली-मिरज भागात एकवीस वर्षे शिट्टी वाजवतो आहे. त्यात सुब्रतो चषकाच्या शालेय जिल्हा फेऱ्या आल्या, तशा मंडळांच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धाही आल्या. रग्बीचा मी पंच नाही. लष्करातल्या एका मित्रामुळे तो खेळ पाहायची सवय लागली आणि पुढे मुंबईला बॉम्बे जिमखान्यावर काही सामने रेषेलगत उभे राहून पाहिले. तिथे प्रेक्षकांच्या कानापर्यंत पंचांचा आवाज पोहोचवणारी कसलीही यंत्रणा नव्हती, तरीही पंचांचे बोलणे मला दहा-पंधरा मीटरांवरून स्वच्छ ऐकू येत होते. तेव्हा माझ्या लक्षात आले की तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पंचांनी काय आणि कोणाशी बोलावे ही एक गोष्ट, आणि ते बोलणे लोकांना ऐकू यावे का ही दुसरी. रग्बीने पहिली गोष्ट आधी बसवली आणि दुसरी तिच्या आधाराने आली. फुटबॉलमध्ये सगळी चर्चा दुसरीचीच चालते.

रग्बीत पंच एवढे बोलतात याचे कारण त्या खेळाच्या घडणीत आहे. टॅकल झाल्यावर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडल्यावर, चेंडूभोवती सात-आठ खेळाडूंचा ढीग पडतो, आणि त्या ढिगात एका क्षणी चार-पाच नियम मोडले जाऊ शकतात. पंचांनी प्रत्येक वेळी शिट्टी वाजवली तर सामना पुढेच सरकणार नाही. म्हणून ते आधीच बजावत राहतात : चेंडू सोडा, बाजूला व्हा, हात काढा, चेंडू वापरा. स्क्रमच्या वेळी, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, तर खाली वाका, धरा आणि भिडा या अर्थाच्या आज्ञा ठरलेल्या क्रमाने देणे हे त्यांचे कामच आहे, कारण तिथे चूक झाली तर खेळाडूंच्या मानेवर बेतते. हे बोलणे मुळात खेळाडूंसाठी आहे. प्रेक्षकांच्या कानी ते पडते तो वरचा लाभ. शिवाय रग्बीत शिट्टीनंतर दोन खुणा होतात. पहिल्या खुणेने पेनल्टी कोणाला मिळाली ते कळते आणि दुसरीने ती का दिली ते कळते. बाजूला न होणे, हात लावणे, ऑफसाइड या प्रत्येकासाठी वेगळी खूण आहे. फुटबॉलच्या नियमावलीत पंचांच्या खुणा दिल्या आहेत, पण त्या बहुतेक पुढे काय होणार एवढेच सांगतात : थेट फ्री किक, अप्रत्यक्ष फ्री किक, पेनल्टी, कॉर्नर, ॲडव्हान्टेज. गुन्हा कोणता झाला हे सांगणाऱ्या खुणांचा तसा पूर्ण संच आपल्याकडे नाही.

याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालील मुलांच्या उपांत्य सामन्यात शेवटची सात-आठ मिनिटे उरली असताना कॉर्नर आला. चेंडू उडाला, गर्दीत कोणाच्या तरी दंडाला लागला आणि मी शिट्टी वाजवून पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवले. सात मुले माझ्याभोवती आली. "सर, खांद्याला लागलाय, हाताला न्हाई," असे त्यांचा स्टॉपर कळवळून सांगत होता आणि मी, त्या काळच्या माझ्या समजुतीप्रमाणे, चेहरा कोरा ठेवून उभा होतो. पंचाने खुलासा करायचा नसतो असे मला शिकवले गेले होते. बाहेर शिक्षक आणि पालक हातावरूनच भांडत होते. चार मिनिटे खेळ थांबला. सामना संपल्यावर हरलेल्या संघाचे प्रशिक्षक शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, "निर्णय राहू दे सर, पण नेमकं काय दिलंत तेवढं सांगा." मी सांगितले की दुसऱ्या खांबापाशी त्यांच्या पाच नंबरने समोरच्याची जर्सी धरून ठेवली होती. ते गप्प झाले, कारण ते त्यांनीही पाहिले होते. हाताचा निर्णय मी दिलाच नव्हता. अख्खे मैदान चार मिनिटे न दिलेल्या निर्णयावरून भांडत होते आणि ते थांबवायला मला स्वतःची जर्सी एकदा मुठीत धरून ओढून दाखवणे पुरेसे होते.

तेव्हापासून मी ती खूण करतो. तशी खूण करायला नियमांची आडकाठी नाही.

आता वरच्या पातळीवरचे पाहू, कारण तिथेही बिघाड बोलण्याच्या शिस्तीतच झालेला दिसतो. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या प्रीमियर लीगच्या सामन्यात लुईस डियाझचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. प्रत्यक्षात तो ऑफसाइड नव्हता, आणि पडद्यासमोरच्या व्हीएआर पंचांना, म्हणजे चित्रण पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांना, चित्रात ते बरोबर दिसलेही होते. पण मैदानावर गोल दिला गेला आहे असे ते धरून चालले होते, म्हणून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. मैदानावरच्या पंचांनी त्याचा अर्थ ऑफसाइडचा निर्णय कायम असा घेतला, फ्री किकने खेळ सुरू झाला, आणि चूक उमगली तेव्हा खेळ पुन्हा सुरू झालेला असल्याने नियमाप्रमाणे मागे जाता आले नाही. लिव्हरपूल तो सामना १-२ हरले. पंचांच्या संस्थेने काही दिवसांनी त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण जाहीर केले, तेव्हा जगाने ऐकले की यंत्रे ठीक चालली होती, नजरही बरोबर होती, आणि "मैदानावरचा निर्णय अमुक आहे" हे एक वाक्य कोणीच स्पष्ट उच्चारले नव्हते.

रग्बीत ही चूक होणे फार अवघड आहे. तिथे टीव्ही पंचांकडे जाताना मैदानावरचे पंच आधी आपला निर्णय मोठ्याने सांगतात आणि मग नेमके काय तपासायचे ते सांगतात. पूर्वीपासून तिथे प्रश्न विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ट्राय म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे. "ट्राय झाली की नाही?" असे विचारले तर पाटी कोरी असते. "ट्राय न देण्याचे काही कारण दिसते का?" असे विचारले तर पंचांना ट्राय झालेली वाटते आहे आणि ती रद्द करायची तर पुरावा समोर यायला हवा. प्रश्नाच्या शब्दांतच सिद्ध करण्याचा भार कोणावर ते ठरते. आपल्याला हे क्रिकेटमुळे परके नाही. तिसरे पंच आधी नो-बॉल, मग बॅटची कड, मग चेंडूचा मार्ग असे ओळीने बोलत जातात आणि घरी बसलेली आजीसुद्धा "अंपायर्स कॉल हाय, आऊटच ऱ्हाणार" असे सांगते. निर्णय आवडो न आवडो, तो कोणत्या पायरीवर अडला हे सगळ्यांना कळते. फुटबॉलमध्ये व्हीएआर २०१८ मध्ये नियमांत आले. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड या चारच बाबी तपासायच्या आणि त्याही ढळढळीत चूक असेल तरच, असे ठरले. मर्यादा चांगली होती, पण ती पाळली जाते आहे का हे पाहायला प्रेक्षकाला काही साधनच दिले नाही.

फुटबॉलने हा प्रयोग कधी केलाच नाही असे मात्र नाही. १९८९ मध्ये मिलवॉल आणि आर्सेनल यांच्या सामन्यात डेव्हिड एलरे या पंचांना टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी माइक लावला होता. त्यात आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स पंचांना फसवणूक करणारा म्हणतो ते लोकांनी ऐकले, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये हा विषय बरीच वर्षे बासनात गेला. ऐकू आले ते इतके ओंगळ होते की ते बोलणे बंद करण्याऐवजी ऐकणेच बंद केले गेले, असे मला वाटते. २००६ च्या विश्वचषकात पंचांच्या कानांत संच आले, पण ते आपसांतल्या बोलण्यापुरते. २०२३ च्या महिला विश्वचषकात एक पाऊल पुढे पडले : न्यूझीलंड आणि नॉर्वे यांच्यातील पहिल्याच सामन्यात जपानच्या योशिमी यामाशिता यांनी पडद्यावर पाहून आल्यावर स्टेडियमला ध्वनिक्षेपकावरून सांगितले की हाताला चेंडू लागला म्हणून पेनल्टी देत आहे. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या लीग कपच्या उपांत्य सामन्यातही अशी घोषणा झाली. म्हणजे आज फुटबॉलमध्ये निकाल आणि त्याचे कारण सांगायची सोय होऊ लागली आहे; निकालापर्यंत पोहोचतानाची चर्चा अजून बंद दाराआड आहे.

ती चर्चाही थेट ऐकवावी का, याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी आज तरी थोडा सबुरीच्या बाजूचा आहे. रग्बीत खेळ वारंवार थांबतो, त्यामुळे सावकाश बोलायला उसंत मिळते. फुटबॉलमध्ये खेळ चालू असताना पंच, दोन सहायक, चौथे पंच आणि व्हीएआर पंच एकाच वेळी तुटक तुटक बोलत असतात. "बघतोय, बघतोय, थांब" अशा अर्ध्या वाक्यांचे प्रक्षेपण केले तर ज्याला त्याला हवा तो अर्थ काढता येईल. दुसरे असे की फुटबॉलचे बरेच निर्णय प्रमाणाचे असतात. धक्का निष्काळजीपणाचा होता की बेदरकारपणाचा की त्यात गरजेपेक्षा जास्त बळ होते, यावर नुसती फ्री किक, पिवळे कार्ड आणि लाल कार्ड यांतला फरक ठरतो. दोन अनुभवी पंचांचे त्यावर मतभेद होतात आणि व्हायलाच हवेत. पण ते ऐंशी हजार लोकांसमोर थेट व्हावेत की सामना संपल्यावर ऐकवावेत, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मला विचाराल तर क्रम असा असावा : आधी बोलण्याची ठरलेली भाषा, मग निर्णयाची घोषणा, मग सामन्यानंतर सगळे ध्वनिमुद्रण, आणि ते दोन-तीन हंगाम अंगवळणी पडल्यावर थेट प्रक्षेपण.

शिवीगाळीबद्दल मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. माइकमुळे रग्बीचे खेळाडू सभ्य झाले ही समजूत उलटी आहे. तिथे पंचांशी बोलायचे ते कर्णधाराने, आणि इतर कोणी हुज्जत घातली तर पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे जाते. दहा मीटर म्हणजे रग्बीत कधी कधी थेट तीन गुण. ती शिक्षा न चुकता होते, म्हणून माइकवर ऐकू येण्याजोगे बोलणे होते. २०१२ च्या एका सामन्यात हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला वेल्सचे पंच नायजेल ओवेन्स यांनी, हा फुटबॉल नव्हे, या अर्थाची समज दिली होती. तो प्रसंग लोक हसत हसत एकमेकांना पाठवतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आले नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलनेही हुज्जतीसाठी फ्री किक पुढे नेण्याचा प्रयोग या शतकाच्या सुरुवातीला केला आणि सोडून दिला. २०२४ च्या युरो स्पर्धेत मात्र फक्त कर्णधारानेच पंचांकडे यावे हा दंडक लावला आणि पंचांभोवतीचे कोंडाळे खरोखरच कमी झाले. त्या स्पर्धेत पंचांचे बोलणे प्रेक्षकांना ऐकवले जात नव्हते, हे लक्षात घ्या.

आणि मैदानाबाहेरचा राग तर रग्बीतही थांबलेला नाही. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झाला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचे पिवळे कार्ड बंकरमधल्या, म्हणजे मैदानापासून दूर बसून चित्रण पाहणाऱ्या पंचांच्या, तपासणीनंतर लाल झाले आणि आफ्रिका १२-११ अशी जिंकली. पंच वेन बार्न्स यांचा शब्दन्‌शब्द जगाने ऐकला होता, तरी त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला धमक्या आल्याच. काही दिवसांतच त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि या छळाबद्दल उघडपणे लिहिले. जाता जाता सांगतो, बंकर ही सोयच मुळी रग्बीच्या जुन्या मोकळेपणापासून थोडी दूर जाणारी आहे : खेळाडू दहा मिनिटे बाहेर बसतो, आत आठ मिनिटांपर्यंत तपासणी चालते, आणि मैदानावर येतो तो निकाल. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर फेब्रुवारी २०२५ मधली अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी आठवा. पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला, चित्रण पुन्हा पाहा अशी मागणी झाली, पंचांची कॉलर धरून लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली आणि त्या मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. मल्लाच्या वागण्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण चित्रण पाहून निर्णयाचे कारण तिथल्या तिथे सांगण्याची ठरलेली पद्धत असती, तर निदान आखाड्याबाहेरच्या लोकांना कोणाची बाजू घ्यायची ते चित्रणावरून ठरवता आले असते.

इथवरचे सांगणे थोडक्यात असे की रग्बीकडून घ्यायच्या गोष्टी तीन : कारण दाखवणारी खूण, एकाच माणसाशी बोलणे, आणि आपला निर्णय आधी मोठ्याने उच्चारून मग दुसऱ्याला विचारणे. तिन्हींना पैसे लागत नाहीत. आता तुमच्या संचांबद्दल.

आम्ही एका स्पर्धेत तीन संच उसने आणून पाहिले. दुपारच्या वाऱ्यात नुसती खरखर ऐकू येत होती, आणि आमचा एक सहायक इतका उत्साही होता की प्रत्येक थ्रो-इनला तो माझ्या कानात समालोचन करत होता. उत्तरार्धात मी संच काढून खिशात ठेवला. संच वाईट होते असे नाही, पण कधी बोलायचे आणि कोणत्या शब्दांत बोलायचे हे आमचे ठरलेले नव्हते. आता सामन्याआधी दहा मिनिटे सहायकांना बाजूला घेऊन मी एवढेच पक्के करतो : पेनल्टी क्षेत्राजवळ मी धावत तुमच्याकडे आलो, तर मी आधी "मी गोल दिलाय" किंवा "मी गोल दिलेला नाही" असे म्हणेन, मग प्रश्न विचारेन; तुम्ही उत्तर हो-नाहीत न देता जे पाहिले ते सांगा. "हो सर" या उत्तराने माझा एकदा घात केलेला आहे. सहायक कशाला हो म्हणत होता ते मला सामना संपल्यावर कळले.

तुमच्या मैदानावर एक माइक आधीपासून आहे, त्याकडे मात्र आजच लक्ष द्या. तो निवेदकाच्या हातात असतो. मिरजेतल्या एका दिवाळीच्या स्पर्धेत आमच्या सहायकाने ऑफसाइडचा झेंडा वर केला होता, मी शिट्टी वाजवली होती, आणि मंडपातल्या निवेदकाने कर्ण्यावर "गोऽऽल!" अशी आरोळी ठोकली. हलगी सुरू झाली, सुतळी बाँबची माळ लागली, पोरे नाचत आत आली. त्या सगळ्यांना परत बाहेर पाठवून गोल नाही हे समजावणे कसे असते ते सांगत बसत नाही. पुढच्या वर्षी मी आयोजकांना एकच अट घातली : चौथा पंच निवेदकाच्या शेजारी बसेल, माझ्या खुणा पाहून चिठ्ठीवर एक ओळ लिहील आणि निवेदक ती ओळ वाचेल. "ऑफसाइडमुळे गोल नाही. पांढऱ्या संघाला फ्री किक." "जर्सी धरल्याबद्दल पेनल्टी. निळा संघ, पाच नंबर." बाकी वेळ त्यांनी शेरोशायरी करावी, देणगीदारांची नावे घ्यावीत, माझी ना नाही. पहिल्या दिवशी निवेदक रुसले होते. तिसऱ्या दिवशी तेच चौथ्या पंचांना चिठ्ठी लवकर द्या म्हणून घाई करू लागले, कारण निर्णयामागचे कारण सांगितले की लोक त्यांच्याकडे पाहू लागतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या स्पर्धेत वाद झाले, पण ते दिलेल्या निर्णयांवरून झाले.

तेव्हा संचांचे पैसे सध्या राखून ठेवा. पुढच्या सामन्याला नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना सांगा की तुम्ही विचाराल ते मी एका वाक्यात सांगेन, दुसरे कोणी आले तर पिवळे कार्ड मिळेल. आणि पहिल्या दहा मिनिटांत कोणी आलाच, तर ते कार्ड खरोखर काढा, मग तो आयोजकांचा पुतण्या का असेना. कर्णधाराला सांगायची वाक्ये घरी तयार करून जा. निश्चित गोलची संधी हिरावल्याबद्दल लाल कार्ड देत असाल तर गोलपासूनचे अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात येण्याची शक्यता आणि बचावपटू किती व कुठे, या चारांपैकी ज्यावर निर्णय ठरला तेवढेच सांगा. चारही सांगत बसलात तर तोवर सात जण जमतील. आणि मैदानावर अर्धा तास आधी पोहोचा. निवेदकाच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा पाहुण्यांसाठी राखलेली असते, ती तुमच्या चौथ्या पंचासाठी आधीच मागून घ्यावी लागते.